घरामागची पत्र्याची खोली

गुरांच्या डॉक्टरांची बदली झाली आणि आमचं घर रिकामं झालं.

सामानाचा टेम्पो वळणावर दिसेनासा झाल्यावर माझ्या थोरल्या लेकीनं आधी चारही खोल्यांतले दिवे बंद आहेत का ते पाहिलं. मग झाडू घेतला. डॉक्टरांची बायको जाताना एक चिरलेली बादली आणि फिनेलची अर्धी बाटली ठेवून गेली होती. थोरलीनं बाटली उजेडात धरून पाहिली. "बरंय," म्हणाली. फरशी पुसली, खिडक्या लावल्या, पुढच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात ओवली. मग आम्ही सगळे घराला वळसा घालून मागं आमच्या पत्र्याच्या खोलीत आलो.

"आता आपण पुढं राहायला जायचं ना?" धाकटीनं विचारलं.

"नाही. आता दुसरा भाडेकरू बघायचा."

"पण तोपर्यंत?"

"तोपर्यंत घर स्वच्छ राहिलं पाहिजे. तू गेलीस की भिंतीला हात लावशील."

धाकटीनं हात पुढं-मागं करून पाहिले आणि फ्रॉकला पुसले.

घर आमचंच आहे. मी गवंडी आहे. पाया खणण्यापासून शेवटच्या गिलाव्यापर्यंत सगळं मी आणि माझ्या बायकोनं केलं. ती वीट हातात द्यायची, मी लावायचो. पैसे मात्र बँकेचे होते. घर बँकेकडे गहाण पडलं आणि फेडायला वीस वर्षं दिली. पहिल्या वर्षाचा हिशेब आला तेव्हा बायकोनं तो कागद बोट ठेवून वाचला. मग म्हणाली, "अहो, हे सगळं व्याजातच गेलं की. मुद्दल आहे तिथंच बसलंय."

तोडही तिनंच काढली. घर भाड्यानं द्यायचं, भाड्यातून हप्ता जाईल. आपण मागं राहायचं, बांधकामाच्या वेळी सिमेंटची पोती ठेवली होती तिथं. आणि आपल्या कमाईतून जे उरेल ते दर महिन्याला मुद्दलात भरायचं. वीस वर्षांचं आठ वर्षांत संपवायचं.

"आठ वर्षं म्हणजे काय, डोळे मिटून काढू," ती म्हणाली होती.

सहा काढली. मागच्या थंडीत एका सकाळी पाण्याची बादली उचलायला वाकली ती तिथंच बसली. मी म्हटलं, काय झालं. ती म्हणाली, काही नाही, जरा थांबा. तेवढंच. डोक्यात रक्त साचलं होतं, असं दवाखान्यात सांगितलं.

तेव्हापासून घर थोरली चालवते. एकोणीस वर्षांची आहे. शिलाईच्या कारखान्यात कॉलर शिवायला जाते. तिची आई काटकसर करायची, पण हसत करायची. साबणाची वडी दोऱ्यानं कापताना म्हणायची, घ्या, केक घ्या. थोरलीही साबण दोऱ्यानंच कापते. तुकडे आईपेक्षा सारखे पडतात. पण केक म्हणत नाही.

चौथे आमच्याकडं मामा, म्हणजे माझे सासरे. आयुष्यभर विहिरी खणल्या. सुरुंगाच्या आवाजानं दोन्ही कान गेले. लेक गेली तेव्हा आले, आणि मी त्यांना परत जाऊ दिलं नाही. तिकडं त्यांचं कोणी उरलं नव्हतं. जावयाच्या घरात आपण अडगळ आहोत असं त्यांना वाटायचं. जेवायला बसले की थोड्या वेळानं ताटावर आडवा हात धरायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "पुरे! पोट भरलं. म्हाताऱ्याला किती लागतं?"

आम्ही ते खरं धरून चाललो होतो.

त्या उन्हाळ्यात पाणी फार आटलं आणि बांधकामाला पाणी वापरायची बंदी आली. गवंड्याचं काम पाण्याशिवाय होत नाही. माझी थापी, ओळंबा, पाणसळ सगळं पिशवीत पडून राहिलं. मला घरी बसवत नव्हतं. तसं ती गेल्यापासूनच बसवत नव्हतं. बसलो की पाय आपोआप उठायचे. दिवसभर मी रिकाम्या घराभोवती चकरा मारायचो, भिंतीवर बोटं वाजवून कुठं पोकळ लागतंय का बघायचो. कुठंच लागायचं नाही. तरी पुन्हा फिरायचो.

"बाबा, चपला झिजतात," थोरली म्हणायची. मग मी अनवाणी फिरायचो.

शेवटी पाडायचं काम धरलं. गावाबाहेरचं एक जुनं गोदाम पाडायचं होतं. भिंत खाली घ्यायची, वीट सुटी करायची, तिच्यावरचा चुना छिन्नीनं काढायचा आणि चट्टा रचायचा. अखंड विटेचेच पैसे. फुटली तर कष्ट फुकट. जन्मभर विटा चिकटवल्या, आता सोडवत बसलो होतो. चुन्याची धूळ नाकात बसायची, थुंकलं तरी पांढरं पडायचं. बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झाली की घरी गेल्यावर काडीपेटीतली काडी धरता यायची नाही.

तिथला मुकादम तोंडाळ होता. मी आलो की ओरडायचा, "या घरमालक! घरमालकांना बसायला खुर्ची द्या रे!"

दहाच्या सुमारास सगळे वर्गणी काढून चहा मागवायचे. मी वर्गणी द्यायचो नाही, चहाही घ्यायचो नाही. तेवढ्या वेळात चट्ट्याच्या पलीकडं जाऊन वीट साफ करायचो.

"घर रिकामं झालं म्हणे?" एके दिवशी मुकादमानं विचारलं.

"झालंय."

"मग राहा की आत."

"भाडेकरू बघतोय."

"लांब कशाला शोधतोस? तूच तुझा भाडेकरू हो. भाडं थकवलंस तर सामान बाहेर फेक स्वतःचं. पण नोटीस दे हं आधी, कायद्यानं वाग!"

सगळे हसले. मीही हसलो. हसताना विटेवरचं लक्ष उडालं आणि ती मधोमध फुटली.

"ही गेली," मुकादम म्हणाला. "घरमालकांच्या नावावर मांडा."

घरी दुपारी पत्र्याखाली थांबता येत नव्हतं. भांड्याला हात लावला तरी चटका बसायचा. मामा आणि धाकटी घराच्या मागच्या भिंतीला टेकून सावलीत बसायचे. ऊन सरकलं की तेही सरकायचे. धाकटीच्या शाळेला सुट्टी होती. भिंतीच्या आत चार गार खोल्या, आणि हे दोघं बाहेरून पाठ लावून बसलेले. सावलीला भाडं नव्हतं.

महिना सरत आला तरी भाडेकरू मिळाला नाही. एक जण आला, त्याला दुकान काढायचं होतं. एकाला गाडी ठेवायला जागा हवी होती. हप्त्याची तारीख जवळ आली. पूर्वी हप्ता भाड्यातून जायचा, आता आमच्या कमाईतून द्यावा लागणार होता. थोरलीनं सकाळचा चहा बंद केला. मग भाजीत तेल घालायची ती चमच्यानं, पुढं चमचा अर्धा करून घालायला लागली. कारखान्यातून पायी यायला लागली. येईपर्यंत तिचा चेहरा काळा पडलेला असायचा.

"बसनं ये," मी म्हटलं.

"तुम्ही चहा घेता का तिकडं?"

"नाही."

"मग मला कशाला सांगता?"

मग सिस्टर आल्या. दवाखान्यात नव्यानं बदलून आलेल्या नर्स, चाळिशीच्या, एकट्या. थोरलीच्या कारखान्यातल्या बाईनं त्यांना आमचं घर सुचवलं होतं. थोरलीनं त्या दुपारी सुट्टी घेतली, मलाही कामावरून लवकर बोलावलं. "फरशी तुम्हीच दाखवा. मला त्यातलं सांगता येत नाही. आणि अंग धुऊन या, चुना दिसायला नको."

थोरलीनं कुलूप काढलं. आत शिरताच गारवा लागला. सिस्टर मोठ्यानं बोलायच्या, दवाखान्यातली सवय असेल.

"वा! उन्हातून आल्यावर बरं वाटतंय."

"भिंती जाड आहेत," मी म्हटलं. "आणि खिडक्या समोरासमोर ठेवल्यात. हवा थांबत नाही."

"बांधलं कोणी?"

"बाबांनीच," थोरली म्हणाली. ती त्या दिवशी आईची साडी नेसली होती आणि हसून बोलत होती. तिला हसताना पाहून मलाच अवघडल्यासारखं झालं. "या ना, स्वयंपाकघर बघा. ओटा मोठा आहे."

तिनं आतलं दार ढकललं आणि ओरडली, "आजोबा!"

मामा उघड्या फरशीवर उताणे पडले होते. अंगावर फक्त चड्डी, छातीवर ओला पंचा. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले. त्यांना तिचा आवाज ऐकू गेला नाही. पलीकडं कोपऱ्यात धाकटी गाल फरशीला लावून झोपली होती, ती मात्र दचकून उठली आणि भिंतीला चिकटून उभी राहिली.

पुढचं कुलूप तर आत्ता उघडलं होतं. मी खिडकीकडं पाहिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी सैल होती. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं. नवी कडी घ्यायची म्हणजे खर्च, म्हणून मी एक पाचर मारून दिली होती. ती पाचर खाली पडली होती. धाकटी खिडकीतून आत आली असणार आणि आजोबांना मागच्या दाराची कडी काढून दिली असणार.

तोवर सिस्टर मामांशेजारी गुडघ्यावर बसल्या होत्या. त्यांनी मनगट धरलं, घड्याळाकडं पाहिलं. मग मामांच्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, हळूहळू खाली बसली.

"झोपलेत. घाबरू नका," त्या म्हणाल्या. "पण अंगात पाणी नाही यांच्या. आणि जीवही नाही. नीट जेवतात का हे?"

"जेवतात की," थोरली म्हणाली.

"किती?"

थोरली मामांच्या बरगड्यांकडं बघायला लागली.

"माझ्या ताटात टाकतात," धाकटी भिंतीजवळून म्हणाली. "ताई पाणी आणायला उठली की टाकतात. मला सांगितलंय बोलायचं नाही."

थोरली तिच्याकडं वळली आणि एक चपराक ठेवून दिली. धाकटी रडली नाही. तिनं गालावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं भिंतीवरचा आपला डाग पुसायला लागली.

तेवढ्यात मामा जागे झाले. समोर परकी बाई पाहून आधी त्यांनी पंचा ओढून घेतला. "कोण? भाडेकरू आले का? उठतो, उठतो." एका हातावर भार देऊन उठले, मग त्याच पंचानं फरशी पुसायला लागले. त्यांच्या पाठीचा ओला आकार फरशीवर उमटला होता. "डाग नाही पडलेला बाई. घाम आहे नुसता. आत्ता वाळेल."

"राहू द्या आजोबा," सिस्टर म्हणाल्या.

मामांना ते ऐकू गेलं. त्यांनी चकित होऊन वर पाहिलं. "हिचा आवाज येतो मला," ते मला म्हणाले.

सिस्टरनी त्यांना भिंतीला टेकवून बसवलं, धाकटीला पाणी आणायला पाठवलं, मीठ-साखर घालून. मग उठून खिडकीतून मागं पाहिलं. पत्र्याची खोली, दारातली चूल, दोरीवरचे आमचे कपडे.

"तिथं कोण राहतं?"

"आम्ही," थोरली म्हणाली.

"आणि हे घर कोणाचं?"

"आमचंच." मग ती थांबली. "म्हणजे, आमचं व्हायचंय अजून."

सिस्टर खिडकीपासून वळल्या. भाडं परवडण्यासारखं आहे, घर आवडलंय, महिन्याचं आगाऊ आज देते, असं म्हणून त्यांनी पर्स उघडली. थोरलीचा हात पुढं झाला. आणि मी म्हटलं, "सिस्टर, तुम्हाला दोन खोल्या चालतील का? पुढच्या?"

हे बोलायचं मी ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं.

"मला एकटीला चार खोल्यांत काय करायचंय? झाडायलाच वेळ जाईल," त्या म्हणाल्या. "पण भाडं?"

"निम्मं."

थोरलीनं पुढं केलेला हात मागं घेतला. सिस्टर गेल्यावर तिनं पुढच्या दाराला कुलूप घातलं. मागं आल्यावर साडीही न बदलता चुलीपुढं बसली.

"निम्मं भाडं," ती म्हणाली.

"हो."

"मग हप्ता कसा भरायचा? निम्मा तुमच्या विटांतून? मुद्दलात काय जाणार? दोन वर्षांचं काम राहिलं होतं बाबा. दोन. आता पाच होतील. सहा होतील."

"होऊ दे."

"होऊ दे काय? आईनं इथं सहा वर्षं काढली ती कशासाठी? आणि तुम्ही एका बाईसमोर एका मिनिटात—"

"मामांना बघितलंस ना."

"मला सांगितलं असतं तर मी वाढलं नसतं का? मी काय उपाशी ठेवते कोणाला?" तिचा आवाज फाटला. "मी स्वतः किती खाते ते बघता का कोणी?"

मामा दारात बसून आमच्या तोंडांकडं आळीपाळीनं बघत होते. काही ऐकू येत नव्हतं, पण विषय आपला आहे हे त्यांना कळलं होतं. "मी जातो की परत," ते मोठ्यानं म्हणाले. "एकटा माणूस कुठंही राहतो."

"गप्प बसा आजोबा!" थोरली ओरडली, मग माझ्याकडं वळली. "तुम्ही पन्नाशीला आलात. दिवसभर विटा फोडता. उद्या तुम्हीही आईसारखे असेच खाली बसलात तर? मग कर्ज कोणाच्या गळ्यात? ही एवढीशी, हे असे. मी कॉलर शिवून फेडू का सगळं? म्हणून घाई आहे मला. तुम्ही चालतेफिरते आहात तोवर संपवायचंय. मला झोप लागत नाही बाबा. पडले की नुसती मोजत असते."

तिचं बरोबर होतं. तिच्या आईनं एवढं सरळ कधी बोलून दाखवलं नाही, पण तिच्याही मनात हेच असणार.

"मलाही लागत नाही," मी म्हटलं.

ती भांडी घासायला लागली. दोन दिवस बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी सिस्टर पुढच्या खोल्यांत सामान घेऊन आल्या. मी कामावर गेलो नाही. सकाळी उठलो आणि आमची लोखंडी पेटी ओढत दाराबाहेर आणली. दुसऱ्या टोकाला माणूस लागत होता. थोरलीकडं बघितलं, ती कपड्यांना टाके घालत बसली होती. मामा पुढं आले, पंचा कमरेला आवळला आणि वाकून कडी धरली.

"उचला जावई! विहिरीतनं केवढे दगड काढलेत मी!"

पेटी गुडघ्याइतकी उचलली गेली आणि मामांचे पाय थरथरायला लागले. सोडायला तयार नव्हते. दात खाऊन धरून होते.

थोरली उठली. सुई ओढणीला टोचली. "सोडा आजोबा. कंबर मोडून घ्याल आणि दवाखान्याचा खर्च माझ्या डोक्यावर बसेल." तिनं त्यांचा हात कडीवरून काढला आणि स्वतः धरली. "चला बाबा. बघत काय उभे राहिलात? आणि दाराच्या चौकटीला लागू देऊ नका, रंग जाईल."

दुपारपर्यंत सगळं आत आलं. सामान फार नव्हतंच. दोन खोल्यांत ते इतकं कमी दिसत होतं की आम्हीच ते इकडून तिकडं हलवत बसलो. कोणाला कुठं बसावं कळेना. धाकटी भिंतीपासून हातभर लांब चालायची. मी दोनदा बाहेर जाऊन घराला चक्कर मारून आलो. जेवताना सगळे हळू आवाजात बोलत होतो, जणू डॉक्टर अजून आत राहत होते. मामांचं ताट थोरलीनं आपल्यासमोर ठेवलं आणि ते संपेपर्यंत ती जागची उठली नाही. पाण्यालाही नाही.

"पुरे—" मामांनी हात आडवा धरला.

"हात काढा."

त्यांनी काढला.

दिवेलागणीला अंथरुणं घालायची वेळ आली. पत्र्याखाली प्रश्नच नव्हता. चौघांच्या चार जागा ठरलेल्या, कूस बदलायची तरी दुसऱ्याला सांगावं लागायचं. इथं थोरली बायकोची वळकटी काखेत घेऊन खोलीच्या मधोमध उभी राहिली. ती वळकटी आता तीच वापरते.

"आई कुठं झोपणार होती?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"इथं राहायला आल्यावर. काहीतरी म्हणाली असेल ना तुम्हाला. ही जागा माझी, असं काहीतरी."

मी आठवून बघितलं. सहा वर्षं आम्ही दोघं या घराबद्दलच बोलायचो. हप्ता किती गेला, मुद्दल किती उतरलं, डॉक्टरांचा नळ गळतोय, भाडं वाढवावं का. इथं कोण कुठं झोपणार हे आमच्या बोलण्यात एकदाही आलं नव्हतं.

"नाही म्हणाली कधी," मी म्हटलं.

"काय विचारतेय पोर?" मामांनी विचारलं.

मी हळू सांगितलं, ते त्यांना कळलं नाही. मग मला ओरडावं लागलं. "विचारतेय, तिची आई कुठं झोपली असती इथं!"

भिंतीपलीकडं सिस्टरच्या भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला.

मामांनी खोलीभर नजर फिरवली. दारापाशी येऊन थांबली. "तिथं," ते म्हणाले. "दाराशी. लहानपणापासून दाराशीच. आत कोंदटतं म्हणायची. मी पहाटे विहिरीवर निघालो की अंधारात तिच्या अंगावर पाय पडायचा, आणि कार्टी अशा शिव्या द्यायची, बापाला!" ते हसायला लागले. हसता हसता पंचानं तोंड पुसलं आणि पंचा तोंडावर तसाच धरून बसले.

मला हे माहीत नव्हतं. पत्र्याच्या खोलीत दाराशी चूल होती.

थोरलीनं वळकटी मागच्या दाराशी नेली, सोडली, हातानं सपाट केली. धाकटी आपलं अंथरूण ओढत तिच्या पाठीमागं गेली. थोरलीनं तिला जागा दिली, दिवा घालवला आणि आडवी झाली.

मला वाटलं, झोपली. मग तिचा आवाज आला.

"बाबा, उद्या कामावर जाणार?"

"जाणार. उजाडताना निघेन."

"बघून जा. माझ्यावर पाय दिलात तर शिव्या देईन."